गाळातल्या पाण्याची साक्ष

२०१५ च्या अखेरीस मालदीवच्या प्रवाळद्वीपांमधल्या समुद्रात ‘जॉइडिस रेझोल्यूशन’ हे वेधनजहाज समुद्रतळाचे नमुने काढत होते. मोहिमेचा क्रमांक होता ३५९, आणि शोध होता मान्सूनच्या वाऱ्यांच्या व समुद्रपातळीच्या जुन्या इतिहासाचा. तो हेतू साधला. आजच्यासारखे मान्सूनचे वारे सुमारे १ कोटी २९ लाख वर्षांपूर्वी एकाएकी वाहू लागले, असा निष्कर्ष त्या गाळावरून निघाला. पण त्याच गाळातून पिळून काढलेल्या पाण्याने एक निराळीच गोष्ट पुढे आणली. हे पाणी आजच्या समुद्राच्या पाण्यापेक्षा खारट होते आणि त्यात जड ऑक्सिजनचे प्रमाणही जास्त होते. क्लारा ब्लॅटलर, जॉन हिगिन्स आणि पीटर स्वार्ट यांनी २०१९ मध्ये त्याचा उलगडा केला. मालदीवचा चुनखडकाचा पाया सच्छिद्र आहे, त्यातून समुद्राचे पाणी आत शिरते आणि हळूहळू वाहते. गेल्या हिमयुगात आत शिरलेले पाणी काही थरांत अजून टिकून होते. म्हणजे जहाजावरच्या त्या बाटल्यांमध्ये सुमारे वीस हजार वर्षांपूर्वीचा समुद्र होता.

पृथ्वीच्या हवामानाचा इतिहास लिहिताना शास्त्रज्ञांनी आजवर मुख्य भिस्त ठेवली ती कवचांवर. समुद्रातले सूक्ष्म जीव चुन्याची कवचे बांधतात, मेल्यावर ती तळाशी साचतात आणि त्यांच्या रसायनात त्या काळचे तापमान नोंदले जाते. या कवचांच्या फटींत अडकलेल्या पाण्याला छिद्रजल म्हणतात. बराच काळ त्याच्याकडे गाळाचा ओलावा एवढ्याच नजरेने पाहिले गेले. ही वागणूक चुकीची होती. कवच जे सांगते त्यातले किती खरे, हे ठरवायला त्याच्या शेजारचे पाणी लागते. पाण्याची साक्ष न घेता केवळ कवचावरून काढलेले तापमान अर्धवट पुराव्यावर दिलेल्या निकालासारखे कच्चे असते.

यामागचे रसायन फारसे अवघड नाही. निसर्गातल्या ऑक्सिजनच्या दर दहा हजार अणूंपैकी सुमारे ९,९७६ अणू वस्तुमान १६ असलेले, म्हणजे हलके असतात. २० अणूंचे वस्तुमान १८ असते, आणि उरलेल्या चारांचे १७. रासायनिक वागणूक तिघांची जवळपास सारखीच, तरी अगदी सारखी नाही. पाण्यातून कॅल्साइटचे, म्हणजे कवचांतल्या चुन्याचे, स्फटिक तयार होतात तेव्हा जड ऑक्सिजन-१८ पाण्यापेक्षा स्फटिकात थोडा जास्त जातो. हा ‘थोडा’ किती, ते तापमानावर ठरते. पाणी जितके थंड, तितका स्फटिक जड. तापमान चार-साडेचार अंशांनी उतरले की हे प्रमाण हजारात एकाने वाढते. १९३४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या हॅरल्ड युरी यांनी १९४७ मध्ये यामागचे गणित मांडले. त्यांच्या शिकागोतल्या गटाने त्यावरून खऱ्या अर्थाने तापमापक बनवला. कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेल्या प्राण्याच्या कवचावरून समुद्राचे तापमान सांगता येणे ही विसाव्या शतकातल्या विज्ञानाची एक थोर कामगिरी आहे.

या तापमापकात एक अडचण मात्र जन्मापासूनची आहे. कवचातला ऑक्सिजन दोन गोष्टींवर अवलंबून असतो: पाण्याचे तापमान, आणि त्या पाण्यातच मुळात जड ऑक्सिजन किती होता यावर. समीकरण एक आणि अज्ञात दोन. बाष्पीभवनात हलके पाणी आधी उडून जाते, ते ध्रुवांकडे बर्फ होऊन साठते आणि मागे उरलेला समुद्र जड होतो. हिमयुगात बर्फाचे थर वाढले म्हणजे समुद्र थंड नसता झाला तरी कवचे जड झाली असती.

चेझारे एमिलियानी यांनी १९५५ मध्ये समुद्रगाळातल्या फोरॅमिनिफेरा या सूक्ष्म जीवांच्या कवचांवरून हिमयुगांची आवर्तने दाखवली. कवचांच्या रसायनातला बहुतेक फरक त्यांनी तापमानाच्या खात्यावर टाकला. १९६७ मध्ये निकोलस शॅकल्टन यांनी दाखवले की तळाशी राहणाऱ्या जीवांच्या कवचांतही फरक जवळपास तेवढाच आहे. तळाचे पाणी आधीच थंडगार असते, त्याला आणखी थंड व्हायला फारसा वाव नसतो. तेव्हा फरकाचा मोठा वाटा बर्फाचा असला पाहिजे, असे त्यांनी म्हटले. दोघेही कसलेले संशोधक, दोघांच्या हातात कवचेच. तरी उत्तरे निरनिराळी आली, कारण पाण्याचा आकडा कुणाकडेच नव्हता. तो अंदाजाने धरावा लागत होता.

तो आकडा मोजणे शक्य आहे, हे गाळातल्या पाण्याने दाखवले. सुमारे २१ हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सव्वाशे मीटरच्या आसपास खाली होती. पाणी बर्फात गेले, मीठ समुद्रातच राहिले, त्यामुळे समुद्र सुमारे तीन टक्क्यांनी अधिक खारट झाला. त्या वेळच्या गाळात तेच खारे, जड पाणी भरलेले होते. पुढे बर्फ वितळला, वरचा समुद्र हलका झाला, आणि तळाशी हे दोन पाण्यांचे थर एकमेकांत मिसळू लागले. गाळात प्रवाह जवळजवळ नसतो. रेणू एकेक करून सरकतात, आणि वीस हजार वर्षांत त्यांची मजल काही दशक मीटरांपलीकडे जात नाही. म्हणून हिमयुगाची खूण अजून पुसलेली नाही. ती पसरली, तिची उंची निम्म्यापर्यंत घटली, पण समुद्रतळाखाली काही दशक मीटरांवर तो उंचवटा आजही मोजता येतो. रेणूंच्या या सरकण्याचा, म्हणजे विसरणाचा, वेग माहीत असल्यामुळे गणित उलटे चालवून मूळ उंची काढता येते.

डॅनियल श्राग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये नेमके हेच केले. विषुववृत्तीय अटलांटिकमधल्या सिअरा राइझवर, तीन हजार मीटर पाण्याखाली, वरच्या साठ मीटर गाळातले पाणी त्यांनी मोजले. हिमयुगातले तळाचे पाणी आजच्यापेक्षा हजारात ०.८ ने जड होते, असे उत्तर आले. तिथल्याच कवचांतल्या एकूण फरकातून हा आकडा वजा केल्यावर उरलेला फरक तापमानाचा ठरला, आणि खोल पाणी चार अंशांनी थंड असल्याचे निघाले. खोल समुद्राला थंड व्हायला फारसा वाव नाही, हे गृहीतक निदान या ठिकाणी टिकले नाही. एका ठिकाणच्या या आकड्यावरून जगभरच्या समुद्राची सरासरी हजारात सुमारे १.० धरली गेली. २००२ मध्ये जेस अॅडकिन्स, कॅथरीन मॅकिंटायर आणि श्राग यांनी निरनिराळ्या समुद्रांतल्या चार जागांचे पाणी तपासले. त्यांच्या मते हिमयुगातला खोल समुद्र सगळीकडे जवळजवळ गोठणबिंदूला टेकलेला होता, आणि सर्वांत खारट पाणी होते दक्षिण महासागरात. आज उत्तर अटलांटिकचे खोल पाणी दक्षिणेकडच्या पाण्यापेक्षा खारट आहे. म्हणजे हिमयुगात हा क्रमच उलटा होता. हे केवळ कवचांवरून कधीच कळले नसते.

हे पाणी मिळते कसे, ते जवळून पाहण्यासारखे आहे. गाळाचा लांबलचक दंडगोल जहाजावर येतो, तेव्हा बाकीचे शास्त्रज्ञ त्याचे उभे दोन भाग होण्याची वाट पाहत असतात. रसायनशास्त्रज्ञ त्याआधीच त्याचा पाच-दहा सेंटीमीटर लांबीचा आख्खा तुकडा कापून नेतात. तुकड्याची बाहेरची कड पात्याने खरवडून टाकली जाते, कारण वेधनासाठी वापरलेले समुद्राचे पाणी तिथे शिरलेले असते. आतला स्वच्छ गाळ टायटॅनियमच्या जाड भांड्यात भरून हायड्रॉलिक दाबयंत्राखाली ठेवतात. दाब चढत जातो आणि खाली लावलेल्या सिरिंजमध्ये गाळणीतून पाणी येऊ लागते, आधी भराभर, मग थेंबथेंब. मऊ गाळ पाणी लवकर सोडतो. खोलवरचा घट्ट खडू तासन्‌तास दाबूनही जेमतेम काही मिलिलिटर देतो. मग ते पाणी हवा न राहील अशा बेताने काचेच्या कुपीत बंद केले जाते.

कुपी नीट बंद करण्याला एवढे महत्त्व का, याचे उत्तर सबंध विषयाच्या मुळाशी जाते. झाकण सैल राहिले तर पाणी उडते. उडताना हलके पाणी आधी जाते, मीठ मागे राहते. उरलेले पाणी अधिक खारट आणि अधिक जड होते. हिमयुगाची खूण हुबेहूब हीच! थोडासा हलगर्जीपणा झाला तर कपाटात पडून असलेली बाटली वीस हजार वर्षांपूर्वीची असल्याचा आव आणू शकते. म्हणून पाण्याची तपासणी एका आकड्यावर कधीच थांबत नाही. अनेक घटक एकत्र वाचावे लागतात, आणि प्रत्येक प्रक्रियेची खूण निराळी असते.

क्लोराइड आणि जड ऑक्सिजन दोन्ही ठरावीक प्रमाणात वाढलेले असतील, कुपीबद्दल शंका नसेल आणि तो उंचवटा योग्य खोलीवर असेल, तर ते हिमयुगाचे पाणी. ऑक्सिजन जड झाला पण क्लोराइड घटले, तर गाळात मिथेनचे बर्फासारखे हायड्रेट वितळले असण्याचा संभव. हायड्रेट बनताना मीठ बाहेर ठेवते आणि जड पाणी आत घेते, ते वितळले की गोडे, जड पाणी सुटते. क्लोराइड जवळपास तेच आणि ऑक्सिजन मात्र खोलीबरोबर हलका होत गेलेला असेल, तर ज्वालामुखीची राख किंवा खालचा बेसॉल्ट कुजून त्याची चिकणमाती होत असते. ही माती जड ऑक्सिजन ओढून घेते. जेम्स लॉरेन्स, योरिस गिस्केस आणि वॉलेस ब्रोकर यांनी १९७५ मध्येच हे मांडले होते. आणि क्लोराइड तेच, स्ट्रॉन्शियम वाढलेले, ऑक्सिजन किंचित जड झालेला असेल, तर चुन्याची कवचे विरघळून नव्याने स्फटिक बनत आहेत, असे समजावे.

ही शेवटची प्रक्रिया चुनखडीच्या गाळात सर्वांत महत्त्वाची. कवच तळाशी पडल्यावर निर्जीव दगडासारखे पडून राहत नाही. त्याचा काही भाग विरघळतो आणि शेजारीच पुन्हा जमतो; ही त्याची पुनर्घडण. मऊ गाळाचा खडू होतो, खडूचा चुनखडक होतो. पश्चिम पॅसिफिकच्या ऑन्टाँग जावा पठारावर ही वाटचाल एकाच विवरात वरून खाली पाहता येते. नव्याने जमलेला कॅल्साइट जुन्या समुद्राचे तापमान सांगत नाही. तो सांगतो गाळातले तापमान, आणि त्याच्या भोवतीच्या छिद्रजलाची घडण.

इथे हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. ताज्या गाळात सत्तर टक्के जागा पाण्याने व्यापलेली असेल, तर तिथल्या एकूण ऑक्सिजनपैकी सुमारे साठ टक्के पाण्यात असतो. गाळ दबून पाण्याची जागा चाळीस टक्क्यांवर आली की चित्र पालटते: आता सुमारे सत्तर टक्के ऑक्सिजन चुन्यात असतो. वर पाणी वरचढ, खाली खडक. वरच्या थरात पाणी कवचाला बदलते, आणि खाली खोल, गरम थरात नव्याने बनणारा कॅल्साइट हलका असल्याने जड ऑक्सिजन पाण्याकडे परततो. पाणी आणि चुना एकमेकांचे रसायन सतत लिहीत असतात. त्यातले एक वाचून दुसरे सोडणे म्हणजे पत्रव्यवहारातली एकाच बाजूची पत्रे वाचणे.

याचे परिणाम किरकोळ नाहीत. उष्ण कटिबंधात २८ अंशांच्या पाण्यात वाढलेले कवच ३ अंशांच्या तळाशी पडले, असे धरू. तिथे नव्याने जमणारा कॅल्साइट मूळ कवचापेक्षा हजारात पाचच्या आसपास जड असतो. कवचाचा केवळ दहावा भाग असा बदलला तरी तापमान दोन अंशांहून अधिक कमी दिसते. उघड्या डोळ्यांना कवच जसेच्या तसे वाटते. इओसीन काळातले ध्रुव उबदार होते याचे पुरावे भक्कम असताना त्या काळचे उष्ण कटिबंधातले समुद्र मात्र आजच्याहून थंड असल्याचे कवचे वर्षानुवर्षे सांगत राहिली, ती याच कारणाने. हवामानाची गणिती प्रारूपे हे मान्य करायला तयार नव्हती, आणि प्रारूपांतच खोट आहे असे अनेकांना वाटले. श्राग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात छिद्रजल व पुनर्घडण यांचा हिशेब मांडून संशयाची सुई कवचांकडे वळवली. २००१ मध्ये पॉल पिअर्सन व सहकाऱ्यांनी टांझानियातल्या चिकणमातीत जपलेली काचेसारखी पारदर्शक कवचे तपासली. मातीने त्यांच्याभोवती पाणी खेळू दिले नव्हते, त्यामुळे ती बदलली नव्हती. त्यांनी सांगितलेला समुद्र चांगलाच उबदार होता. हरितगृह वायूंनी भरलेल्या जगात उष्ण कटिबंध किती तापतो, या आजच्या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे बदलले.

पाण्याच्या बाजूने एवढे बोलल्यावर त्याच्यावरचे आक्षेपही मांडलेच पाहिजेत. पहिला असा की आता पाण्याची गरज उरलेली नाही. २००६ मध्ये कॅलटेकमधून प्रोसेनजित घोष, जॉन आयलर आणि सहकाऱ्यांनी एक नवा तापमापक पुढे आणला. कवचातले जड कार्बन आणि जड ऑक्सिजन एकमेकांना किती वेळा जोडलेले आहेत, हे तो मोजतो. पाण्यातला ऑक्सिजन माहीत नसला तरी चालते. हा मोठाच टप्पा आहे. पण पुनर्घडण झालेले कवच या तापमापकालाही गाळाचेच तापमान सांगते. उलट याच मोजणीतून स्फटिक ज्या पाण्यात बनला त्याचा ऑक्सिजन काढता येतो, आणि तो खरा की खोटा हे पडताळायला प्रत्यक्ष छिद्रजलच लागते. नवी पद्धत पाण्याचे महत्त्व वाढवते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. समुद्रशास्त्रज्ञ कार्ल वुन्श यांनी २०१६ मध्ये दाखवले की मिसळून सपाट झालेल्या रेषेवरून मूळ इतिहास काढण्याचे गणित एकच उत्तर देत नाही. शाईचा थेंब पाण्यात पसरल्यावर तो नेमका कधी आणि कसा पडला, हे सांगताना अनेक पर्याय खुले राहतात, तसेच हे आहे. दक्षिण महासागर किती खारट होता याचा एकुलता एक आकडा छातीठोकपणे सांगणे म्हणूनच धोक्याचे. हा आक्षेप मान्य करायला हवा. पण त्यावर उपाय पाणी सोडून देण्याचा नाही, अधिक पाणी मोजण्याचा आहे. चार जागांवरून सगळ्या महासागरांचे चित्र काढले तर ते डळमळीतच असणार. आणि तिसरी मर्यादा अशी की छिद्रजल तळाच्या समुद्राची खबर देते, पृष्ठभागाची नाही. मान्सूनच्या पावसाने अरबी समुद्र किंवा बंगालचा उपसागर वरून किती गोडा झाला, ते कवचांनाच विचारावे लागते. पाणी एवढेच सांगते की त्या कवचांच्या आकड्यांतून बर्फाचा वाटा म्हणून किती वजा करायचा. मान्सूनच्या इतिहासात ही वजाबाकीच निर्णायक असते.

या वजाबाकीशी, आणि एकूणच छिद्रजलाशी, भारताचा संबंध थेट आहे. १९८२ मध्ये जाँ-क्लोद दुप्लेसी यांनी उत्तर हिंदी महासागरातल्या कवचांवरून हिमयुगात नैर्ऋत्य मान्सून क्षीण होता, असे मांडले. तेव्हापासून अरबी समुद्रातल्या गाळाचे शेकडो नमुने काढले गेले, पण बहुतेक वेळा काम झाले ते कवचांवर. मुंबई हायचे तेल ज्या मायोसीन चुनखडकात साठले आहे, त्या खडकाची छिद्रे कुठे उघडी राहिली आणि कुठे बुजली, हेही त्याच विरघळण्या-जमण्याने ठरलेले आहे. २००६ मध्ये राष्ट्रीय गॅस हायड्रेट कार्यक्रमासाठी ‘जॉइडिस रेझोल्यूशन’ हेच वेधनजहाज केरळ-कोकण खोऱ्यात आले होते. तिथल्या चुनायुक्त गाळात हायड्रेट मिळाले नाही. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात ते मिळाले, आणि तिथे क्लोराइडची घट हीच त्याची एक मुख्य खूण होती. २०१५ मध्ये, मालदीवच्या मोहिमेच्या काही महिने आधी, पीटर क्लिफ्ट आणि गोव्याच्या ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राचे धनंजय पांडे यांच्या नेतृत्वाखाली मोहीम ३५५ ने आपल्या पश्चिम किनाऱ्यापलीकडच्या लक्ष्मी खोऱ्यात वेधन केले.

त्यानंतर मात्र अशा वेधनाची साधने आटत गेली. ‘जॉइडिस रेझोल्यूशन’ची शेवटची मोहीम २०२४ मध्ये संपली. त्या जहाजाच्या तोडीचे अमेरिकी जहाज आज समुद्रात नाही. जपानचे ‘चिक्यू’ आहे, चीनचे ‘मेंगशियांग’ २०२४ मध्ये सेवेत आले. साठवणीतला गाळ पुढच्या पिढ्यांना पुन्हा तपासता येतो, कारण शीतकोठीत ठेवलेली कवचे तशीच राहतात. पाण्याचे तसे नाही. दंडगोल वाळला की ते गेले. जे पाणी त्या दिवशी पिळले गेले नाही, ते पुढे कोणत्याही प्रयोगशाळेत मिळत नाही.

हिमयुगाच्या पाण्यासाठी मात्र किलोमीटरभर खोल विवरे लागत नाहीत. सिअरा राइझवर वरचा साठ मीटर गाळ पुरला. फ्रान्सचे ‘मॅरियन ड्युफ्रेन’ हे जहाज वेधनाशिवाय पन्नास मीटरहून लांब गाळनळ्या वर आणते, आणि तेवढ्या लांबीत हिमयुगाच्या उंचवट्याचा बराच भाग सापडू शकतो. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या भारताच्या खोल महासागर मोहिमेचा अंदाजित खर्च तेव्हा ४,०७७ कोटी रुपये होता. त्यात अशा एका गाळनळीची, दोन-तीन दाबयंत्रांची आणि कुप्या वितळवून बंद करण्याच्या ज्योतीची सोय बसणे कठीण नाही. लक्षद्वीपच्या चुनखडी उतारांवर आणि लक्ष्मी खोऱ्याच्या आसपास, वेगवेगळ्या खोलींवर, अशा आठ-दहा जागांचे पाणी मोजले तर हिमयुगात अरबी समुद्राचे खोल पाणी किती थंड आणि किती खारट होते याचे उत्तर मिळू शकेल. अटलांटिकच्या आकड्यांची उसनवारी करून मान्सूनचा इतिहास लिहिण्याची गरज मग राहणार नाही. गोव्यात दोनापावला आणि वास्को इथल्या संस्थांकडे हे काम करणारी माणसे आहेत. गाळ काढण्याच्या प्रत्येक मोहिमेच्या आराखड्यात छिद्रजलाचा नमुना हा ऐच्छिक नव्हे, बंधनकारक भाग असायला हवा, आणि हा नियम पुढची मोहीम बंदरातून निघण्यापूर्वी लागू व्हायला हवा.